पुण्यातून हिमालयातल्या पहिल्या ट्रेकची तयारी: माझ्या दोन खेपांमधून शिकलेलं

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या माणसाला हिमालयाची भीती वाटत नाही. मलाही वाटली नव्हती. हिमाचलमधल्या हामटा पास या खिंडीच्या ट्रेकवर, ३,६०० मीटरच्या आसपास असलेल्या बालू का घेरा या कॅम्पवर मी आमच्या गटात सगळ्यात आधी पोचले. दुपारपासून डोकं ठणकत होतं, पण मी ते कुणालाच सांगितलं नाही. रात्री जेवण गेलं नाही, मध्यरात्री उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे तीनला गाइड आणि एक मदतनीस मला टॉर्चच्या उजेडात चिक्याच्या कॅम्पपर्यंत खाली घेऊन आले. पाचेकशे मीटर उतरल्यावर डोकं हलकं झालं, सकाळी मी स्वतःहून चहा मागितला. बाकीचे त्याच दिवशी पास ओलांडून पलीकडे गेले.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले आणि पास झाला. त्या वर्षभरात माझी ताकद फारशी वाढली नव्हती. तयारी मात्र वेगळी केली होती. दर जानेवारीत ऑफिसमधलं आणि सोसायटीतलं कुणीतरी विचारतं, म्हणून ती इथे क्रमाने लिहिते आहे. गाइडसोबत, ठरलेल्या गटातून पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी हे आहे.

१. ट्रेक निवडा, पण फोटो बघून नाही

आधी सुट्टी मोजा. पाच-सहा दिवसांचा ट्रेक असेल तर पुण्यातून जाण्या-येण्याचे चार दिवस आणि वर एक राखीव दिवस, म्हणजे दहा-अकरा दिवस हवेत. तो राखीव दिवस काढून टाकायचा मोह होतो. काढू नका. जुलै २०२३ मध्ये कुलू-मनालीत बियासला पूर आला तेव्हा रस्तेच वाहून गेले होते. डोंगरात एक दरड पडली तरी परतीचं विमान चुकतं.

पहिल्या ट्रेकसाठी मी चार नावं सुचवते. केदारकंठा (सुमारे ३,८०० मीटर, उत्तराखंड) हा हिवाळ्यातला, बर्फातला ट्रेक. हर की दून (सुमारे ३,५६० मीटर) दरीतून हळूहळू चढत जातो, त्यामुळे शरीराला वेळ मिळतो. संदकफू (३,६३६ मीटर) पश्चिम बंगाल आणि नेपाळच्या सीमेवर आहे आणि तिथून कांचनजंगा समोर दिसतं. हामटा (सुमारे ४,२७० मीटर) चौघांत सगळ्यात उंच. चढ लवकर येतो, म्हणून तो चौथ्या क्रमांकावर. मी नेमकी त्यापासूनच सुरुवात केली होती. रूपिन पास, गोएचा ला किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्प (५,३६४ मीटर) हे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठेवा.

ट्रेक निवडताना सगळ्यात वरचा आकडा सगळे बघतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज रात्री कुठल्या उंचीवर झोपणार. आयोजकाकडून प्रत्येक कॅम्पची उंची मागून घ्या आणि कागदावर उतरवा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. कार्यक्रम त्याच्याशी ताडून बघा.

आणखी एक, जुने व्हिडिओ बघून ठरवू नका. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. लडाखमधलं स्टोक कांग्री २०२० पासून बंद केलं गेलं. व्हिडिओ मात्र अजून फिरतात.

२. आयोजकाला हे प्रश्न विचारा

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या ट्रेकवर खराब हवामानात सापडून २२ जणांच्या गटातले ९ जण गेले. बहुतेक जण कर्नाटकातून आलेले होते. ती बातमी वाचल्यापासून मी आयोजकाला फोन करताना संकोच सोडून दिला आहे. तुम्हीही सोडा. पैसे भरण्याआधी हे विचारा:

किती जणांमागे एक गाइड आहे? गाइडने गिर्यारोहणाचा कोर्स आणि डोंगरातल्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे का? ऑक्सिजन सिलिंडर प्रत्येक कॅम्पवर असतो की फक्त बेसला? मध्यरात्री कुणाला खाली आणायचं झालं तर कोण आणतं, आणि गाडी जिथपर्यंत येते ती जागा तिथून किती तासांवर आहे? हवामान बिघडलं तर परत फिरायचा निर्णय कोण घेतं? वनखात्याची परवानगी कुणाच्या नावावर आहे?

उत्तरं कशी येतात ते ऐका. जो माणूस 'मॅडम, काही होत नाही, लहान मुलंही करतात' म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. दुसऱ्या खेपेला मी ज्यांच्याबरोबर गेले, त्यांनी उलट मलाच अर्धा तास प्रश्न विचारले: आधी कुठवर गेलात, काय झालं, औषधं कोणती चालू आहेत.

पैशांचं एकदा लेखी घ्या. बेस कॅम्पपर्यंतची गाडी, भाड्याचं सामान, सॅक खेचरावर द्यायचे पैसे, विमा हे सगळं फीमध्ये धरलं आहे की वेगळं, ते विचारा. ट्रेक रद्द झाला तर किती परत मिळतात तेही.

पुण्यात याबाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. इथल्या गिरिप्रेमी संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ मध्ये एव्हरेस्ट आणि २०१९ मध्ये कांचनजंगा सर केलं. शहरात डोंगरात मुरलेली माणसं भरपूर आहेत. एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमाला जा, ओळख काढा, समोर बसून शंका विचारा. संकेतस्थळावरच्या पाच ताऱ्यांपेक्षा ते कितीतरी उपयोगाचं.

३. तीन महिने आधी डॉक्टरांकडे जा

ट्रेकच्या आठवडाभर आधी फॅमिली डॉक्टरांकडून फिटनेस सर्टिफिकेटवर सही घ्यायची, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. सही मिळते, पण त्याने काहीच कळत नाही. तीन महिने आधी जा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, ईसीजी करून घ्या. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात हृदयविकार असेल तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करायची का, हे डॉक्टरांना विचारा. बायकांनी हिमोग्लोबिन नक्कीच बघावं. माझं कमी निघालं होतं. ते भरून यायला वेळ लागतो आणि हवा विरळ असताना तीच तूट जाणवते. दमा, मायग्रेन, थायरॉइड, काहीही असेल तर लपवू नका. दाढ दुखत असेल तर तीही आधीच दाखवून घ्या.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, याबद्दलही याच भेटीत बोला. ही गोळी उंचीचा त्रास टाळायला मदत करते, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवीला लागणं, सोडा बेचव लागणं हे तिचे ठरलेले परिणाम आहेत. ते आधी माहीत असले की कॅम्पवर घाबरायला होत नाही. डोस डॉक्टरच ठरवतील, मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नका.

४. बारा आठवडे: टेकडी, जिना, सिंहगड

पहिले चार आठवडे: आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटं भरभर चालणं किंवा हळू पळणं. जवळची टेकडी गाठा. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, जी सोयीची असेल ती. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चार-पाच वेळा चढउतार केल्या तरी चांगला व्यायाम होतो.

पुढचे चार आठवडे: पाठीवर वजन. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढा आणि वर गेल्यावर पाणी झाडांना घाला. चढताना वजन मिळतं, उतरताना गुडघे वाचतात. तीन-चार किलोंपासून सुरू करून आठ किलोंपर्यंत न्या. आतकरवाडीतून सिंहगडाचा साधारण ६०० मीटरचा चढ आहे आणि हिमालयातल्या एका दिवसाचा चढही बऱ्याचदा तेवढाच असतो.

शेवटचे चार आठवडे: सलग दिवस. एकच मोठा ट्रेक करून आठवडाभर पाय चोळत बसणं उपयोगाचं नाही, कारण तिथे पाच दिवस रोज सकाळी उठून चालायचं असतं. शनिवारी राजगड, रविवारी लगेच तोरणा. किंवा शनिवारी सिंहगड दोनदा आणि रविवारी टेकडीवर दोन तास. कात्रज ते सिंहगडची चाल ज्यांना झेपते त्यांनी ती एकदा करावी. शेवटच्या आठवड्यात आराम करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सिंहगडावर आपण घड्याळ लावून चढतो. पन्नास मिनिटं, पंचेचाळीस मिनिटं, आणि वर जाऊन पिठलं-भाकरी. तीच सवय मला नडली. सरावात दर दोनपैकी एका खेपेला मुद्दाम हळू चढा. इतकं हळू की शेजारच्याशी न धापता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मागून येणारे पुढे जातील, जाऊ द्या. हा सराव वेगाच्या सरावाहून कठीण आहे, आणि हिमालयात रोज तोच लागतो.

उतरायचाही सराव करा. पास ओलांडल्यावर एका दिवसात हजारभर मीटर उतरावं लागतं. मांड्या तयार नसतील तर सगळा भार गुडघ्यांवर येतो.

५. उंची समजून घ्या

महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. मनालीचा बाजारच २,००० मीटरच्या वर भरतो. म्हणजे सह्याद्रीत कितीही फिरलात तरी विरळ हवेचा अनुभव मिळत नाही, तो तिथे गेल्यावरच मिळतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, पण उंचीवर हवेचा दाब घटतो आणि प्रत्येक श्वासातून कमी ऑक्सिजन मिळतो. हामटा पासवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. शरीर याला जुळवून घेतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं, पण त्याला दिवस लागतात. फिटनेस असला म्हणून हे दिवस कमी होत नाहीत. उलट फिट माणूस भरभर चढतो आणि शरीराला वेळच देत नाही.

२,५०० मीटरच्या वर डोकं दुखायला लागलं आणि सोबत मळमळ, भूक मेलेली, गळाठा किंवा चक्कर यातलं काही असलं, तर तो उंचीचा त्रास आहे असंच धरा. ऊन लागलं, झोप झाली नाही, काल राजमा पचला नाही, अशी कारणं शोधत बसू नका. गाइडला लगेच सांगा. त्या दिवशी आणखी वर चढायचं नाही. आराम करून कमी झालं तर पुढे, वाढलं तर खाली.

दोन लक्षणांना मात्र वाट बघायची नसते. बसल्या जागी दम लागणं, छातीत घरघर, सततचा खोकला म्हणजे फुप्फुसात पाणी होत असल्याची शक्यता. आणि बोलण्यात गोंधळ, दारू प्यायल्यासारखा तोल जाणं, सरळ रेषेत चालता न येणं म्हणजे मेंदूला सूज. रात्र असो, पाऊस असो, त्या माणसाला ताबडतोब खाली न्यायचं. ऑक्सिजन आणि औषधं मधल्या वेळेसाठी असतात, खरा उपाय खाली उतरणं हाच.

कॅम्पवर बोटाला ऑक्सिमीटर लावतात. पुण्यात ९८ दिसणारा आकडा तिथे ८०-९० मध्ये आला की लोक हादरतात. उंचीवर तो उतरतोच. गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर चुकीचाही येतो. पाच मिनिटं बसून, बोट चोळून मग मोजा, आणि आकड्यापेक्षा तुम्हाला कसं वाटतंय ते जास्त मनापासून सांगा. मी पहिल्या खेपेला 'मस्त आहे' म्हणत राहिले, कारण मला मागे राहायचं नव्हतं. माझ्यामुळे दोन माणसांना पहाटे तीनला दगडधोंड्यांतून चालावं लागलं, हे मी विसरलेले नाही.

६. सामान

आधी बूट, तेही दोन महिने आधी. संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून बघा, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. घोट्याच्या वर येणारे, चांगल्या पकडीचे. मग तेच घालून टेकडीवर जा. कोरे बूट घेऊन आलेल्या एका मुलीच्या टाचा दुसऱ्याच दिवशी सोलल्या होत्या.

कपड्यांचं सूत्र एकच, थर. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापड), त्यावर डाउन (पिसं भरलेलं) किंवा फायबरचं जाड जॅकेट, सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं. साधारण दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, पण चालताना घामही येतो, म्हणून थर काढता-घालता आले पाहिजेत. सुती कपडे आणि जीन्स पुण्यातच ठेवा. ओलं सूत अंगावर वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते.

बाकी यादी:
- ५०-६० लिटरची सॅक, रेनकव्हर, आत प्लास्टिकची मोठी पिशवी
- सॅक खेचरावर देणार असाल तर २०-२५ लिटरची छोटी सॅक
- काठ्या दोन (एक नाही)
- हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल
- लोकरी कानटोपी, दोन जोड हातमोजे, चार-पाच जोड मोजे
- अतिनील किरणं अडवणारा गॉगल. बर्फावर हा नसेल तर डोळे जळतात
- सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम
- पोन्चो (सॅकसकट अंगावर घ्यायचा रेनकोट), आणि नदी ओलांडायला पट्ट्याच्या सँडल
- एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, डबा, मग, चमचा
- स्वतःची औषधं, ओआरएस, बँडेज, क्रेप पट्टी

जॅकेट, सॅक, काठ्या भाड्याने मिळतात. पहिल्या ट्रेकला तेच करा. बूट, मोजे आणि थर्मल मात्र स्वतःचे.

खाऊ म्हणून खजूर, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, लिमलेटच्या गोळ्या. आणि मेतकुटाची छोटी पुडी. उंचीवर भूक मरते, समोरची भाजी नकोशी होते, पण गरम भातावर मेतकूट आणि थोडं तूप घेतलं की चार घास जातात. दुसऱ्या खेपेला आमच्या तंबूतल्या नागपूर आणि इंदूरच्या मुलींनीही माझी पुडी संपवली.

७. कागदपत्रं

- सरकारी फोटो ओळखपत्र, मूळ आणि दोन झेरॉक्स
- डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आयोजकाच्या नमुन्यात
- स्वतःच्या आजारांची माहिती आणि जोखमीचं हमीपत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो, परवान्यांसाठी
- विम्याची प्रत
- रक्तगट आणि घरच्या दोघांचे नंबर, कागदावर लिहून, सॅकच्या वरच्या कप्प्यात

नेपाळला विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्ड किंवा लायसन्स चालत नाही.

विम्याबद्दल: आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी काढा आणि वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. साहसी खेळ बऱ्याचदा तिथे सापडतात. वेगळा ट्रेकिंगचा विमा घेताना तो किती मीटरपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च धरला आहे का, एवढं लेखी विचारा.

८. पुण्याहून प्रवास

दिल्लीपर्यंत विमान किंवा झेलम एक्सप्रेस, पुढे मनालीसाठी रात्रीची बस. केदारकंठा किंवा हर की दूनला जायचं तर डेहराडूनहून सांक्री या पायथ्याच्या गावापर्यंत अख्खा दिवस गाडीत जातो. वळणांच्या रस्त्याला उलटीची गोळी आधीच घ्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने विमानं तासन्‌तास अडकतात, म्हणून जोडविमानात भरपूर अंतर ठेवा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही. काठ्यांचं उलट, त्या चेक-इनमध्येच. गॅसचा कॅनिस्टर कुठेच चालत नाही.

मनालीत एक रात्र जास्त राहा. लेहला विमानाने जाणाऱ्यांनी तर पहिले दोन दिवस नुसते बसून काढावेत. तुम्ही सकाळी पुण्यातून निघून दुपारी ३,५०० मीटरवर असता, शरीराला काही कळायच्या आत.

९. वर गेल्यावर

दिवसाला तीन-चार लिटर पाणी, घोट घोट. दारू, सिगारेट आणि झोपेची गोळी नाही. कॅम्पवर पोचल्या पोचल्या तंबूत आडवं होऊ नका, थोडं वर चालून या आणि मग खाली येऊन झोपा. मोबाइलची बॅटरी थंडीत उतरते, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. घामाचे मोजे बदलूनच झोपा.

संडास म्हणजे खड्डा आणि त्यावर उभा तंबू. वापरून झाल्यावर माती टाकायची. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड खड्ड्यात टाकायचे नाहीत. झिपच्या पिशवीत बांधून खाली आणायचे, त्यासाठी गडद रंगाची पिशवी न्या. पाळी उंचीवर आधी-नंतर होऊ शकते, तारीख नसली तरी सामान ठेवा. रात्री लघवीला जावं लागेल म्हणून संध्याकाळी पाणी तोडणाऱ्या बायका मी दोन्ही खेपांना पाहिल्या. तसं करू नका. शेजारणीला उठवा आणि दोघी जा.

घरी आधीच सांगून ठेवा की मधले चार दिवस फोन लागणार नाही, आणि आयोजकाच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवा. माझ्या आईने पहिल्या वेळी दोन दिवस काळजीत काढले होते.

आणि निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला सारखा आपटतो, वाढलेलं नख काळंनिळं होऊन गळून जातं.